महानंदा आणि तुरीची धूळ

महानंदा, तुला बसवलं तेव्हा मी अगदी काठाशी उभी होते. तुम्हा लिंगायतांत माणसाला आडवं करून निरोप देत नाहीत, मांडी घालून बसवतात, हे मला ठाऊक होतं. तुझे वडील, अप्पा, गेले तेव्हा तूच सांगितलं होतंस. पण ठाऊक असणं वेगळं आणि आपल्या मैत्रिणीला तसं बघणं वेगळं. कपाळभर विभूती, तळहातावर इष्टलिंग, आणि मान किंचित डावीकडं कललेली. रोग्याच्या पाठीला स्टेथोस्कोप लावलास की तुझी मान अशीच कलायची. मला वाटलं, आता हात वर करशील आणि म्हणशील, "जरा गप बसा सगळे, मला ऐकू द्या." स्वामींनी बेल वाहिला, विभूती पडली, मीठ पडलं, मग माती. मीही एक मूठ टाकली. मनात एवढंच म्हणाले, जन्मभर कुठं टेकली नाहीस, बस आता.

वर्तमानपत्रात तुझी निधनवार्ता आली आहे. पदव्या, पदं, विद्यार्थी, सगळं नीट दिलंय. शेवटी 'मनमिळाऊ स्वभावाच्या' असंही छापलंय. ते वाचून मी एकटीच हसले आणि मग हसताना रडू आलं. तू आणि मनमिळाऊ! तुझ्याशी भांडण झालं नाही असा माणूस कॉलेजात शोधून सापडला नसता, आणि माझा नंबर त्यात पहिला. म्हणून ते सगळं मी परत लिहिणार नाही. मला तुझ्याशी बोलायचंय. आपलं एक भांडण अर्धंच राहिलंय, आणि तू मधेच उठून गेलीस.

काशीबाई आली त्या उन्हाळ्यात नांदेडला गोदावरीच्या कोरड्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती. पावसानं लागोपाठ दगा दिलेला. आपण दोघींनी मिळून घेतलेल्या त्या दोन खोल्यांत नळाला कधी पाणी यायचं, कधी नुसता हवेचा आवाज. तू छातीच्या विभागात, मी सामाजिक वैद्यकाच्या. तू लातूरच्या डाळ मिलवाल्या लिंगायतांची, मी नांदेडच्या मास्तराची. भांडी कुणी घासायची यावरून सुरुवात व्हायची आणि क्षयरोगाच्या सरकारी धोरणावर संपायची. तिकडं लातूर नवंच जिल्हा झालं होतं. आता कामाला उस्मानाबादेला हेलपाटे घालायला नकोत, कलेक्टर गावातच बसणार, म्हणून तुझे अप्पा लई खुशीत होते. मिरवणुकीत त्यांनी स्वतः उभं राहून पेढे वाटले, असं तुझ्या आईनं, अव्वांनी, तुला कळवलं होतं.

काशीबाई ओपीडीच्या भिंतीला पाठ लावून बसली होती. नाव पुकारलं तरी उठेना. उठायला दम लागतो तेवढाही तिच्याजवळ नव्हता. तू खुर्ची सोडून तिच्याशेजारी फरशीवर जाऊन बसलीस. मी तेव्हा कसलासा तक्ता घ्यायला तुझ्याकडं आले होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांसमोर झालं.

"मावशी, कुठून आलात?"

"लोह्याच्या अलीकडून. मालकाची लेक हितं दागदर हाय म्हून आले."

"कोणत्या मालकाची?"

"अप्पा मालकाची. लातूरचे, डाळ मिलचे. तुमी वळखता का त्यास्नी?"

तू तिची नाडी धरलीस. मग म्हणालीस, "हाव. वळखते."

तिची हकिकत तू तुकड्यातुकड्यानं काढून घेतलीस, कारण सलग बोलायला तिला श्वास पुरत नव्हता. गावात काही पिकेना म्हणून नवरा-बायको लातूरला गेलेली. तो मिलमध्ये हमाल, ती चाळणीवर. तुरीची टरफलं आणि भुसा चाळायचा आणि काम सुटायच्या आधी सगळी फरशी झाडून काढायची. आधी खोकला लागला, मग दम. तिथल्या एका खासगी डॉक्टरांनी टीबी म्हणून सुया सुरू केल्या. सुयांचा कोर्स संपला, खोकला तसाच, म्हणून पुन्हा सुया. शेवटी नवऱ्यानं तिला गावी आणून सोडलं आणि सासूनं तिचं ताट वेगळं केलं, वाकळ वेगळी केली, आणि तिला गोठ्यात ठेवलं.

"जनावरं चारा छावनीवर गेलीत न्हवं," ती म्हणाली. "गोठा मोकळाच हाय." जणू सोयीचीच गोष्ट सांगत होती.

तिची थुंकी तू पुन्हापुन्हा तपासून घेतलीस. जंतू सापडले नाहीत. एक्स-रेत क्षयाची खूण नव्हती. वॉर्डात तिच्या उशाशी उभी असताना तू तिच्या पदराचं टोक उचलून नाकाशी नेलंस. नंतर घरी येताना रिक्षात मला म्हणालीस, "विजे, हा वास माझ्या लहानपणाचा आहे. अप्पा मिलमधून आले की अव्वा त्यांना सदरा अंगणातच झटकायला लावायची. उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. का, ते आम्ही कुणी कधी विचारलंच नाही."

मला तेव्हाच कळलं, ही आता सोडणार नाही.

हा टीबी नाही, मिलच्या धुळीचा दमा आहे, हे तुझं म्हणणं विभागप्रमुखांना पटेना. दुष्काळात अर्धपोटी माणसाला क्षयच होणार, आणि थुंकीत दिसला नाही म्हणजे नसतोच असं नाही, असं ते म्हणाले. यातलं काहीही चूक नव्हतं, म्हणून तर तू जास्त चिडलीस. पुरावा पाहिजे होता. पण पुराव्याच्या आधी तू काशीबाईला तिच्या घरी पोचवायचं ठरवलंस.

दम्याच्या गोळ्यांनी तिला उतार पडला होता. एसटीनं आपण तिघी निघालो. दोन्ही बाजूंना उघडी, तडकलेली रानं, आणि फाट्याफाट्यावर टँकरची वाट बघत लावलेल्या घागरी. तिच्या घरी पोचलो तर सासू ओसरीवर तांदूळ निवडत होती. सुनेला बघून तिनं नुसतं गोठ्याकडं बोट केलं. तू सांगितलंस की हिला टीबी नाही. सासू म्हणाली, "दागदरच म्हनले व्हते की हाय म्हून. आता दागदरच म्हनतात न्हाई. आमी कुनाचं ऐकावं?"

तू म्हणालीस, "बरं. भूक लागलीय. भाकर हाय का?"

भाकरी आणि चटणी आली. आपल्या दोघींना पितळ्या, आणि काशीबाईला गोठ्याच्या दारात तिचं ते कडेला ठेवलेलं जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, ताट. तू तुझी पितळी तशीच ठेवलीस, उठलीस, आणि गोठ्याच्या दारात तिच्यासमोर मांडी घालून तिच्याच ताटात हात घातलास. काशीबाईच दचकली. ताट मागं ओढायला लागली. तू ते घट्ट धरून ठेवलंस.

सासू ओरडली, "बाई, तुमाला रोग लागंल!"

"लागला तर मी हितंच येऊन ऱ्हाईन तुमच्या गोठ्यात. जेवा मावशी, तुमी जेवा."

भिंतीवरून डोकी वर आली होती. शेजारपाजार जमला होता. तू अजिबात घाई केली नाहीस. भाकरीचा शेवटचा तुकडा दोघींत वाटून घेतलास, तिच्याच तांब्यानं पाणी प्यायलीस, आणि तोंड पुसून सासूला म्हणालीस, "म्हयन्यानं परत येनार हाय. मी खोकून राहिले तर मला हाकला. न्हाई तर हिची वाकळ घरात घ्या."

महिन्यानं आपण गेलो. वाकळ घरात होती. मी आयुष्यात खूप व्याख्यानं दिली, आरोग्यशिक्षणावर पुस्तकातली प्रकरणं लिहिली. त्या एका जेवणाच्या तोडीचं मला काही जमलं नाही, आणि हे मी तुला कधी सांगितलं नाही. आत्ता सांगते.

मग तो अभ्यास सुरू झाला. लातूरच्या मिलमालकांकडं आपण परवानगी मागत फिरलो. चहा सगळ्यांनी पाजला. आत जाऊ देतो असं फारच थोड्यांनी म्हटलं, आणि तेही अप्पांनी आधी होकार दिला म्हणून. अप्पा पेढीवर लोडाला टेकून बसलेले. तुझ्याकडं अभिमानानं बघत म्हणाले, "तपास की. आपल्या मिलमधी लपवायसारखं काय हाय?" मुलगी डॉक्टर झाली आणि आता आपल्या मिलमध्ये येऊन मजुरांना फुकट तपासणार, याचं त्यांना कौतुकच होतं. पाच-सहा जणांना बोलावून त्यांनी तुझी ओळख करून दिली. परतताना मी म्हटलं, "महानंदा, अप्पांना तू काय शोधतेयस ते सांगितलंस का?" तू म्हणालीस, "शोधून झालं की सांगेन. आधी सांगितलं तर मीच मनात ठरवून आल्यासारखं होईल."

श्वासाचा जोर मोजायचं ते छोटं यंत्र तू मागवून घेतलं होतंस. बायकांनी त्याला लगेच 'फुंकणी' नाव दिलं. कामावर येताना फुंकायचं, काम सुटल्यावर फुंकायचं. मिलच्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. पहिल्या दिवशी नुसता हशा. एकीनं फुंकलं की दुसरी म्हणायची, "जोरात फुक गं, चूल इझली!" काटा कुठपर्यंत जातो यावर पैजा लागल्या. पण संध्याकाळी त्याच बायका फुंकायला आल्या तेव्हा काटा सकाळच्या खुणेपर्यंत जाईना. मिलच्या आत समोरचं माणूस दिसत नव्हतं इतकी धूळ. एरवी झाडायच्या आधी फरशीवर पाणी मारायचे. त्या वर्षी प्यायला टँकर, तर फरशीला पाणी कुठून? कोरडंच झाडून राहिल्या होत्या.

इथं माझं एक म्हणणं होतं आणि ते तू मानलंस, याची नोंद राहू दे. मी म्हटलं, या बायका घरी चुलीपुढंही बसतात. धूर की धूळ, हे कसं सांगशील? म्हणून त्याच गल्ल्यांतल्या, तशाच चुलीवर रांधणाऱ्या, पण मिलमध्ये न जाणाऱ्या बायकाही आपण मोजल्या. त्यांना सकाळ-संध्याकाळ असा फरक पडत नव्हता. मिलमधल्या बायकांना पडत होता, आणि सुट्टीच्या दिवसानंतर त्या पुन्हा बऱ्या असायच्या. तू तो आलेख विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवलास आणि म्हणालीस, "सर, टीबी काय सुट्टी बघून कमी होतो का?" सरांनी आलेखावरून बोट फिरवलं. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "लिहा."

लिहायला आपण रविवारी विष्णुपुरीला जायचो. धरणाचं काम चाललेलं, वर झाडाखाली सावली. तिथंच आपलं मोठं भांडण झालं. तू एक वाक्य लिहिलं होतंस: या अभ्यासातील एक मिल लेखिकेच्या वडिलांची असून तेथील कामगारांची स्थिती इतर मिलपेक्षा चांगली आढळली नाही.

मी म्हटलं, हे काढ. कुठंही मिलची नावं नाहीत, मग हेच का?

तू म्हणालीस, "मी लोकांच्या मिलमध्ये शिरून लोकांची धूळ मोजली. माझ्या घरची झाकली तर मालकांना तोंड काय दाखवू?"

"आणि अप्पांना काय तोंड दाखवणार?"

"तेच, जे हाय ते."

मी चिडून म्हटलं, तू खरेपणाच्या नादात घर पेटवायला निघालीस. शास्त्राला या वाक्याची गरज नाही. तू म्हणालीस शास्त्रालाच आहे. आपण परतताना बसमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसलो. वाक्य राहिलं.

अप्पांना ते छापायच्या आधी वाचून दाखवायचं, एवढं मात्र तू मान्य केलंस. मी सोबत आले. तुमच्या माजघरात अप्पा पाटावर बसलेले, अव्वा दाराशी. तू इंग्रजी वाचायचीस आणि मराठीत सांगायचीस. ते वाक्य आलं. तू तेही सांगितलंस, आवाज न बदलता.

अप्पा म्हणाले, "म्हंजे माझ्या मिलमधी माणसं आजारी पडून राहिलीत, असं तू छापनार."

"हाव, अप्पा."

"माझं नाव?"

"नाव नाही. लेखिकेचे वडील, असं आहे."

"मग नाव लिहिल्यावानीच झालं की." ते उठले. दाराशी थांबून म्हणाले, "काशी पोरीसारखी वागवली मी. दिवाळीला तिला लुगडं दिलतं."

"मला माहीत आहे, अप्पा."

ते बाहेर गेले. तुझा भाऊ बसवराज मधल्या खोलीतून सगळं ऐकत होता. तो आला आणि तुला म्हणाला, "आक्का, आता हिकडं यायचं काम न्हाई." निघताना अव्वांनी माझ्या हातात धपाट्यांचं फडकं दिलं, तुझ्या नाही.

शोधनिबंध छापून आला. उदगीरच्या एका पेढीवाल्यांकडं तुझं लग्न जमत आलं होतं, ते लोक मागं सरले. निरोप आला तेव्हा तू ओट्याशी कांदा चिरत होतीस. "बरं झालं, त्यांचीबी मिल हाय, अजून एक अभ्यास करावा लागला असता," म्हणालीस आणि हसलीस. तुला तो मुलगा आवडला होता का, हे मी त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढंही नाही. तू परत लग्नाचा विषय काढू दिला नाहीस. कांद्याचं निमित्त होतं, म्हणून डोळ्यांचंही काही कळलं नाही.

नवीन जिल्ह्यातल्या एका दैनिकानं बातमी दिली आणि मालक मंडळी खवळली. कलेक्टर कचेरीत बैठक लागली. कचेरी अजून भाड्याच्या इमारतीत, खुर्च्या कुठूनतरी मागून आणलेल्या. तुला बोलावलं होतं. अप्पा समोरच्या रांगेत, तुझ्याकडं न बघता. एक मालक उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, हे घरचं भांडन हाय. वाटनीवरून बिनसलंय, म्हून ह्या बाईनं सगळ्या धंद्याला काळिमा लावला. सोताच्या बापाची मिल बरी सोडली!"

तू बॅगेतून तो अंक काढलास, पान उघडलंस आणि ते वाक्य आधी इंग्रजीत वाचलंस, मग मराठीत. अधिकाऱ्यांनी अप्पांकडं बघून विचारलं, "हे बरोबर आहे का?"

अप्पा उठले. धोतराचा सोगा सावरला. "मिल माझी हाय," ते म्हणाले. "पोरगीबी माझीच हाय. छापायच्या आदी तिनं मला वाचून दावलंय." आणि बसले.

तिथं मला कळलं की त्या वाक्याबद्दल तू बरोबर होतीस. ते नसतं तर त्या खोलीत तुझं बाकी एकही वाक्य कुणी ऐकलं नसतं.

बैठकीतून फार मोठं असं काही निघालं नाही. तोंडाला बांधायला कापड द्यायचं ठरलं, जे दिलं कुणी, नाही दिलं कुणी. पण एक गोष्ट ठरली आणि टिकली: मिलमधलं माणूस खोकत आलं तर थुंकी तपासल्याशिवाय टीबीच्या सुया सुरू करायच्या नाहीत. तुला तेवढंच हवं होतं. किती ताटं त्यामुळं वेगळी झाली नाहीत, हे मोजायला आपल्याकडं कुठलंच यंत्र नव्हतं.

आणि पुढच्या हंगामात अप्पांनी मिलमध्ये धूळ ओढून घेणारा मोठा पंखा बसवला, चाळण्या उघड्या अंगणात हलवल्या. बाजारात सांगायचे, "डाळ चकचकीत निघती म्हून बसवलाय." तुझ्याशी मात्र बोलणं नाही. नांदेडला फोन यायचा तो माझ्यासाठी. "विजयाताई, तिकडं नळाला पानी येऊन राहिलंय का?" मी म्हणायची, येतंय अप्पा. "दोघींना पुरतंय का?" पुरतंय, अप्पा. तू शेजारी उभी असायचीस, फोनकडं हात न करता.

बरीच वर्षं गेली. मग अव्वांनी तुला बोलावून घेतलं. अप्पांना धापेनं दोन पावलं चालवत नव्हती. तू जाऊन आलीस आणि मला एवढंच सांगितलंस की त्यांनी सदऱ्याची बटणं काढली, तुझ्याकडं पाठ केली आणि म्हणाले, "ऐक." तू काय ऐकलंस ते सांगितलं नाहीस. आपण दोघी डॉक्टर. मी न विचारताच समजले, पण तुला सांगायचं असेल तर, असं वाटून कितीतरी दिवस मी तुझ्या आसपास राहिले. तू सांगितलं नाहीस. ते तुझंच राहिलं.

आता आपलं अर्धं भांडण.

त्या निबंधानंतर तू आणखी कितीतरी लिहिलंस, धुळीवर, चुलीच्या धुरावर, विडी वळणाऱ्या बायकांवर. सगळं इंग्रजीत. प्रत्येक वेळी मी म्हणायची, ज्यांच्या छातीबद्दल आहे त्यांना हे वाचता येत नाही. तू म्हणायचीस, "त्यांना मी तोंडानं सांगते. छापायचं ते न ऐकणाऱ्यांसाठी. छापलेलं नाकारता येत नाही." मी म्हणायची, छापलेलं कुणी वाचतही नाही, कपाटात पडून राहतं. तू म्हणायचीस, "पडू दे. कधीतरी कुणालातरी लागंल." लातूरच्या बैठकीतला अंक तू पुराव्याला काढायचीस, मी लोह्याच्या जेवणाचा दाखला द्यायची. तू जिंकलीस असं मी कधी म्हटलं नाही. मी जिंकले असं तूही नाही.

गेल्या दिवाळीनंतर तुला पुन्हा लातूर सुचलं. आता औद्योगिक वसाहतीत मोठ्या मिल झाल्यात, तुरीच्या जोडीला सोयाबीन आलंय, यंत्रं नवी आहेत. पण झाडायला अजून बायकाच आहेत आणि त्या खोकत आहेत, असं तुला कुणीतरी सांगितलं होतं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झालेली, साखर वाढलेली, पाय सुजलेले. तरी तू काठी घेऊन माझ्याबरोबर तिथं आलीस. गेटवरच्या माणसानं आत फोन लावला आणि सांगितलं, साहेब नको म्हणतात. तू म्हणालीस, "साहेबाला सांगा, म्हातारी परत येनार हाय." परतीच्या वाटेत अहमदपूरला चहा पिताना तू कागदी रुमालावर कुणाकुणाला मोजायचं ते आखत बसलीस. मग मूत्रपिंडानं दगा दिला, आणि परत जाणं झालं नाही.

परवा माती झाल्यावर सगळे हात-पाय धुवायला गेले. बसवराज माझ्याजवळ आला. तोही थकलाय आता. जिल्ह्यातल्या मिलवाल्यांत त्याच्या शब्दाला वजन आहे. इतक्या वर्षांत आमचं बोलणं नमस्कारापलीकडं गेलेलं नव्हतं.

"ताई," तो म्हणाला, "आक्काचं काय राहिलंय म्हने लातुरात."

मी सांगितलं.

तो खाली बघतच म्हणाला, "आमच्या मिलपासून सुरू करा. गेटवर कोन अडवनार न्हाई. बाकीच्यास्नी मी सांगतो." मग मान वर करून म्हणाला, "मला आवडंल, असं न्हाई म्हनत मी. त्या येळंला आमी लई भोगलं. पन करा."

मी हो म्हटलं. त्याचे आभार मानावेत असं वाटलं, पण तोवर तो पाठ फिरवून नळाकडं गेला होता.

तर मी जाणार आहे, महानंदा. पुढच्या सोमवारी, सकाळच्या पाळीला. तुझ्या विभागात आता प्रमुख असलेल्या बाई यायला तयार आहेत. तुझ्याच हाताखाली शिकलेल्या, आणि तुझ्यासारख्याच खाष्ट. जिना चढताना मलाही धाप लागते, पण मिलला जिना नाही. किती दिवस लागतील ठाऊक नाही. आपल्या वयात तसा हिशेब करूही नये. जेवढ्या बायका होतील तेवढ्या मी माझ्या हातानं मोजणार, आणि ज्या बाईला टीबी नसताना कुणी टीबी म्हटलं असेल तिच्या घरी जाऊन सांगणार. तुझ्याइतक्या ठसक्यात जमणार नाही. जमेल तसं.

आणि निबंध लिहून झाला की आधी मराठीत छापणार आहे. साध्या मराठीत, मोठ्या अक्षरात, मिलच्या गेटवर वाटता येईल असा. इंग्रजी त्याच्यानंतर. यावर तुझं काय म्हणणं असेल ते मला शब्दन्‌शब्द ठाऊक आहे. ह्या वेळी मी ऐकणार नाही.